कुरटे बेटाची प्रदक्षिणा



बेटाभोंवतीं फिरावयाचें तर होडी स्वतःची पाहिजे, निदान अर्ध्या दिवसापुरती तरी भाड्यानें घेतलेली पाहिजे. धक्क्यावरून उतारू भरून घेऊन त्यांना पलीकडे नेऊन सोडणारी जी होडी असते तिची वाट ठरलेली असते. ती बेटाची एकच बाजू दाखविते. दुसरी बाजू, जिकडे उघडा समुद्र असतो, ती ज्याला पाहावयाची असेल त्याला होडी, तांडेल आणि वेळ हीं तिन्ही आपलीं म्हणून मिळवावीं लागतात.

कॅरिबियन समुद्रांतील बेटांवर हा एक नित्याचा व्यवसाय होऊन बसला आहे. आपल्याकडील लोकांना तीं बेटें मुख्यतः क्रिकेटमुळें ठाऊक. १९७१ सालीं अजित वाडेकरांच्या संघानें तेथें मालिका जिंकली व सुनील गावसकरांनीं त्या पहिल्याच दौऱ्यांत ७७४ धावा काढल्या, तेव्हां पोर्ट ऑफ स्पेन, बार्बाडोस हीं नांवें खेड्यापाड्यांतील पोरांच्याहि तोंडीं बसलीं. पण त्या बेटांना किनारा आहे, त्या किनाऱ्यावर कोळी आहेत आणि ते कोळी पाहुण्यांना होडींत घालून फिरवितात, हें फारसें कुणाच्या कानावर आलें नसेल. सेंट लुसिया बेटावर आलेला प्रवासी अशी होडी ठरवून सूफ्रिएर गांवाकडे जातो. तेथें समुद्रांतून सरळ वर उठलेले दोन डोंगर आहेत. त्यांना पितों म्हणतात. मोठा ७९८ मीटर उंच, धाकटा ७४३. २००४ सालीं त्यांची गणना जागतिक वारशांत झाली. होडींत बसून पायथ्यापासून माथ्यापर्यंत डोंगर एका नजरेंत पाहावयाचा, हेंच त्या फेरीचें मोल.

गंमत अशी कीं, बेटाची फेरी म्हणून जी विकली जाते ती बहुधा अर्धीच असते. त्या भागांत वर्षाचे बहुतेक दिवस ईशान्येकडून व्यापारी वारे वाहतात. म्हणून बेटाची पूर्वेची, अटलांटिक महासागराकडील बाजू सदा खवळलेली आणि पश्चिमेची बाजू डोंगराच्या आडोशाला शांत. शहाणा नावाडी शांत बाजू धरूनच जातो व तिच्याच वाटेनें परततो. जून ते नोव्हेंबर हा तिकडे वादळांचा हंगाम. २०२४ च्या १ जुलैला बेरिल नांवाचें चक्रीवादळ ग्रेनाडाच्या ताब्यांतील कॅरिआकू बेटावर येऊन आदळलें आणि घरांबरोबर होड्याहि मोडून टाकून गेलें. पाहुण्याला जी सहल वाटते ती नावाड्याचें पोट असते, हें अशा वेळीं कळतें.

कोंकणच्या किनाऱ्यावर वाऱ्याचें गणित याच्या उलट आहे. येथें समुद्र पश्चिमेला. सकाळीं जमीन थंड असते, तेव्हां वारा जमिनीवरून समुद्राकडे हलका हलका जातो आणि पाणी ताटांतल्यासारखें निवांत पडून राहतें. ऊन चढलें, जमीन तापली, कीं वारा फिरतो. दुपारीं तो समुद्रावरून जोरानें येतो. म्हणजे किनाऱ्याजवळच्या बेटाची पूर्व बाजू दिवसभर निवाऱ्याची आणि पश्चिम बाजू दुपारनंतर जाऊं नये अशी. मालवणासमोरचें कुरटे बेट, ज्यावर सिंधुदुर्ग उभा आहे, त्याची प्रदक्षिणा या एका नियमावर चालते. हा नियम न जुमानणारांचें पुढें काय होतें तें सांगण्याऐवजीं, तो एका मंडळीनें कसा ऐकला तें सांगणें अधिक बरें.

ही मंडळी कोल्हापूर जिल्ह्यांतील कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतींतली. पंचतारांकित हा शब्द ऐकून परगांवचा माणूस भोजनगृहाची कल्पना करतो. तसें कांहीं नाहीं. महामंडळानें रस्ते, पाणी, वीज यांची मोठी तजवीज करून ज्या कांहीं वसाहती वसविल्या त्यांना हें विशेषण दिलें. नागपूरकडे बुटीबोरी आहे, छत्रपति संभाजीनगराकडे शेंद्रें आहे, तशी ही कागल-हातकणंगल्याची. पूर्वी हा सारा माळ. पाऊस पडला तर चार महिने गवत, एरवीं दगड आणि वारा. जवळच पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाचें ठाणें, भंडाऱ्यानें पिवळी होणारी मोठी यात्रा. पलीकडे हुपरी, चांदीच्या कामाचा गांव. त्या माळावर आज कापडाच्या गिरण्या, यंत्रांचे भाग करणारे कारखाने आणि ओतशाळा आहेत. रात्रींच्या पाळीला भट्टीचा उजेड दुरून दिसतो.

अशाच एका ओतशाळेंतील सात-आठ साचेकारांनीं मालवणला जाण्याचें ठरविलें. बेत आंखला तो त्यांच्यांतल्या एका तिशीच्या तरुणानें. त्याला स्वतःला समुद्र पाहावयाचा होता, पण त्याहून त्याला आपल्या वडिलांना तो दाखवावयाचा होता. वडील जातीचे धनगर. उमर सत्तरीच्या पुढची. ज्या माळावर आज कारखाना उभा आहे त्या माळावर त्यांनीं जन्मभर मेंढरें राखलेलीं. पाऊसकाळीं कळप घेऊन ते पुष्कळ लांबवर जाऊन आले होते, पण घाट उतरून खालीं कधीं गेले नव्हते. मेंढराला कोंकणचा पाऊस मानवत नाहीं, हें त्यांचें उत्तर.

साप्ताहिक सुटीचा दिवस धरून पहांटे चारला जीप निघाली. कागलहून निढोरी, मुरगूड, मुदाळतिट्टा, राधानगरी, दाजीपूर आणि मग फोंडा घाट; पुढें कणकवली, कसाल व मालवण. अंतर दीडशें किलोमीटरांच्या आसपास, पण वाट डोंगराची. वाटेंत राधानगरीचें धरण लागतें. कागलच्या घाटगे घराण्यांत १८७४ सालीं जन्मून १८८४ सालीं कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेलेल्या शाहू महाराजांनीं तें १९०९ च्या सुमारास हातीं घेतलें व पुरें व्हावयास १९५७ साल उजाडलें. म्हाताऱ्यानें तेथें गाडी थांबवावयास लाविली. एका जागीं इतकें पाणी त्यांनीं तें पहिल्यानेंच पाहिलें आणि समुद्र याहून मोठा असतो काय, असा प्रश्न मुलाला केला. मुलगा हंसला. त्यानेंहि समुद्र पाहिलेला नव्हता, चित्रांतच काय तो.

घाटांत धुकें लागलें, एक चाक बसलें, चहा झाला, आणि या साऱ्यांत मालवणच्या धक्क्यावर पोंचावयास दुपारचा एक वाजला.

धक्क्यावर साठीच्या घरांतला एक तांडेल भेटला. होडी त्याची स्वतःची, फायबरची, मागें यंत्र लावलेली. पूर्वीं तो रापणीवर जात असे. रापण म्हणजे किनाऱ्यावरून सोडून सर्वांनीं मिळून ओढावयाचें मोठें जाळें. त्यावर अख्खा वाडा जगे. पुढें मोठ्या यांत्रिक नौकांचीं पर्ससीन जाळीं आलीं, किनाऱ्याजवळचा मासा कमी झाला आणि पुष्कळांनीं होड्यांना यंत्रें लावून पाहुणे फिरविण्याचें काम धरलें. हें कामहि बारमाही नव्हे. मे महिन्याच्या अखेरीस पावसाच्या तोंडावर सर्व बंद होतें आणि पाऊस सरेपर्यंत होडी किनाऱ्यावर ओढून झापांखालीं ठेवावी लागते. मिळवावयाचें तें आठ महिन्यांत. असें असून त्या तांडेलानें बेटाच्या फेरीला साफ नकार दिला.

“किल्ल्यार सोडतंय. मागल्या बाजूक आता नको.”

“का वो मामा? पैसं वाढवून देतो की.”

“पैशाची गजाल नाय रे बाबा. वारो सुटलो हा, नि पाणी उतरला हा. उद्या सकाळी सातांक येवा, सगळो फेरो मारून हाडतंय.”

आतां यांतलें वाऱ्याचें कारण वर आलेंच आहे. पाण्याचें कारण असें: सिंधुदुर्गाच्या भोंवतीं, विशेषतः समुद्राच्या अंगाला, पाण्याखालीं खडपें पसरलेलीं आहेत. शत्रूचें गलबत त्यांवर फुटावें म्हणून तर ही जागा किल्ल्याला निवडली गेली. भरतीला त्यांच्यावर पुरेसें पाणी असतें. ओहोटीला तीं इतकीं वर येतात कीं, लाटेच्या खळग्यांत होडीचा तळ त्यांवर आपटावा. भरती केव्हां, हें काढण्याची किनाऱ्यावर एक जुनी रीत आहे. तिथीच्या आंकड्याची पाऊणपट करावी; जो आंकडा येईल तितके वाजतां ढोबळ मानानें पूर्ण भरती. त्या दिवशीं अष्टमी होती. आठाची पाऊणपट सहा; म्हणजे सकाळीं सहाला भरती, आणि बारा-साडेबाराला पुरी ओहोटी. मंडळी एकाला पोंचली होती. दुसरे दिवशीं नवमी, भरती पावणेसातची. तांडेलानें ‘सातांक येवा’ म्हटलें तें उगीच नव्हे.

हें त्या तरुणाला कुणी समजावून सांगितलें नाहीं. तांडेल बोलका नव्हता. तरुणाची अडचण अशी होती कीं, दुसरे दिवशीं सकाळीं सातला त्याची पहिली पाळी. भट्टीवरच्या दोघां जाणत्यांपैकीं एक आधींच आजारी, दुसरा हा. रजा मागितलेली नव्हती आणि मागून मिळती असेंहि नव्हतें. त्यानें आणखी पैसे देऊं केले. शेजारच्या एका पोरगेल्या नावाड्याकडे तो वळला; तो नेण्यास राजी झाला. ‘जीवरक्षक जाकिटें आहेत का?’ तर चार आहेत म्हणाला, आणि माणसें नऊ.

त्याच वेळीं म्हातारे बोलले. तोंवर ते धक्क्याच्या टोंकाशीं उभे राहून नुसतें पाहत होते.

“न्हाई जायाचं. दर्या त्येंचा हाय, वारं कुठनं येतंया त्ये त्येस्नी ठावं. माळावर आपून सांगितल्यावर कोन न्हाई म्हनत हुतं काय?”

मुलगा गप्प राहिला. हा नकार किती मोलाचा होता हें कळण्यास फार मागें जावयास नको. २०२२ च्या मे महिन्यांत, याच किनाऱ्यावर तारकर्लीजवळ, पर्यटकांची एक होडी उलटून दोघांचे प्राण गेले. २०२४ च्या १८ डिसेंबरला मुंबई बंदरांत घारापुरीकडे निघालेल्या उतारूंच्या होडीला नौदलाच्या एका वेगवान नावेची धडक बसून दहाहून अधिक माणसें बुडालीं. जाकिटें घालण्याची सक्ती तेव्हांपासून अधिक कडक झाली. अपघातानंतर आठ दिवस सर्वांना जाकिटांची आठवण असते, पुढें तीं बांकाखालीं जाऊन पडतात. ज्या होडींत उतारूंइतकीं जाकिटें नाहींत ती होडी कितीहि स्वस्त असो, तींत पाय ठेवूं नये.

तेव्हां त्या दुपारीं तांडेलानें सर्वांना पूर्वेच्या निवाऱ्यानें किल्ल्यावर नेऊन सोडलें. तेवढ्या वाटेला वाऱ्याची भीति नसते, किल्लाच आड येतो. जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसत नाहीं. दोन बुरुजांच्या वेलांटींत तो असा लपविला आहे कीं, होडी भिंतीवर चालली आहे असें वाटावें. २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं शिवाजीमहाराजांच्या हस्तें या किल्ल्याचा आरंभ झाला. बेट ४८ एकरांचें, तट नागमोडी, सुमारें तीन किलोमीटर लांबीचा, आणि पायाचे दगड शिशाचा रस ओतून बसविलेले. साचेकार मंडळी या शिशापाशीं बराच वेळ थांबली. शिसें ३२७ अंश सेल्सिअसलाच वितळतें. बिडाचा रस ओतावयाचा तो १३०० ते १४०० अंशांवर, हें त्यांचें रोजचें काम. शिसें वितळविणें सोपें, पण समुद्राच्या मधोमध, दोन भरत्यांच्या मधल्या वेळांत, ओल्या दगडावर तें ओतावयाचें कसें? ओल्या साच्यांत रस पडला तर काय उसळतें तें त्यांच्यांतल्या एकाच्या मनगटावर लिहिलेलें होतें. इतिहासाच्या पुस्तकांत हा प्रश्न फारसा येत नाहीं.

आंत शिवराजेश्वराचें देऊळ आहे, राजाराममहाराजांनीं बांधविलेलें. मूर्तीच्या डोक्यावरचें शिरोभूषण नावाड्याच्या टोपीसारखें आहे असें लोक सांगतात. दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींचें पाणी गोड आहे. म्हाताऱ्यानें तें चाखून पाहिलें व मान डोलविली. पुढें किल्ला कोल्हापूरकरांच्या वांट्यास आला. १७६५ सालीं इंग्रजांनीं तो घेऊन त्याचें नांव फोर्ट ऑगस्टस ठेवलें, मग अटी घालून परत केला. अखेर १८१२ च्या तहानें मालवण बंदरासह तो कोल्हापूरच्या हातून गेला. म्हणजे कागलची माणसें त्या दिवशीं एका अर्थानें आपल्याच जुन्या मुलखांत उभीं होतीं.

पश्चिमेच्या तटावर चढून तरुणानें समुद्र पाहिला. खालीं फेंस उडत होता, आणि जेथून आपण जाणार होतों ती वाट काळ्या खडपांनीं दांत काढल्यासारखी दिसत होती. तो कांहीं बोलला नाहीं. संध्याकाळीं वडिलांना मित्रांच्या हवालीं करून तो एस. टी. नें परतला. सर्व बेत ज्यानें रचिला त्यालाच प्रदक्षिणा घडली नाहीं. सातच्या ठोक्याला तो भट्टीपाशीं हजर होता.

नवमीच्या सकाळीं बाकीचे आठ जण होडींत बसले. जाकिटें प्रत्येकाला. तांडेलानें जड माणसें मध्यें घेतलीं, पोरसवदा दोन्ही अंगांना वांटून बसविले, म्हाताऱ्यांना आपल्याजवळ. उत्तरेच्या टोंकाला वळसा घालतांच सूर नमस्कारासारखा बदलला. किल्ल्याच्या आडोशाचें पाणी संपून मोकळ्या समुद्राची लांब, संथ लाट होडीला उचलूं लागली. एकानें नकळत दोन्ही हातांनीं कांठ धरला. डाव्या हाताला तट, बुरुजामागून बुरुज, दार कोठें नाहीं. मध्येंच तटाला एक चिमुकली वाट आणि तिच्यापुढें हातरुमालाएवढी वाळू; तिला राणीची वेळा म्हणतात.

तांडेल यंत्राचा वेग कमी करून थेट सरळ जात नव्हता. कधीं बुरुजाच्या अगदीं जवळ, कधीं उगीचच लांब, असा तो जाई. खालीं कांहीं दिसत नव्हतें. एकानें विचारलें तेव्हां त्यानें बोटानें पाण्याचा रंग दाखविला. हिरवें तेथें जावयाचें, तपकिरी तेथें नाहीं.

इतक्यांत उजवीकडे पाण्यांतून एक करडी पाठ वर आली, मग दुसरी. डॉल्फिन. सर्वजण एकदम त्या बाजूला झेंपावले, होडी कलंडली, आणि इतका वेळ मुखस्तंभ असलेला तांडेल गरजला, “बसान रवा!” सगळे मटकन बसले. लहान होड्या उलटतात त्या बहुतेक वेळां लाटेनें नव्हे, एका बाजूला धांवणाऱ्या माणसांनीं. हें त्यानें मागाहून सांगितलें, आणि प्रवासभर तो इतकेंच काय तें सलग बोलला.

दक्षिणेकडून परततांना दांडीच्या किनाऱ्यालगतचा पद्मगड लागतो. ओहोटीला तेथें किनाऱ्यावरून पायीं जातां येतें. या भागांत १९८७ सालीं २९.१२ चौरस किलोमीटरांचें सागरी अभयारण्य जाहीर झालें. पद्मगडाच्या आसपास पाण्याखालीं प्रवाळ आहे. तें पाहावयास बुडी मारणारे पुष्कळ येतात व त्यांपैकीं कांहीं उभे राहतात ते त्या प्रवाळावरच. जें पाहावयास आलों तेंच पायाखालीं मोडावें, याला काय म्हणावें! तांडेलानें नांगर तेथें टाकला नाहीं, वाळू आल्यावर टाकला.

साऱ्या फेरीला दीड तास लागला. ऊन चढत होतें. धक्क्यावर उतरतां उतरतां पश्चिमेकडून पहिली झुळूक आली. तांडेलानें ठरलेलें भाडें घेतलें. आदल्या दिवशीं वाढवून देऊं केलेले पैसे मंडळी देऊं लागली, ते घेतले नाहींत. म्हाताऱ्यानें डोक्याचा पटका सोडून पुन्हां बांधला व त्याला विचारलें कीं, मेंढरूं राखावें तसें हें पाणी रात्रींचें राखावें लागतें काय. तांडेल म्हणाला, वादळ असलें तर लागतें. २०२१ च्या मे महिन्यांत तौक्ते वादळ या किनाऱ्यावरून गेलें तेव्हां तो रात्रभर होडीचा दोर धरून बसला होता. यावर दोघे बराच वेळ बोलत उभे होते. एकाची भाषा दुसऱ्याला निम्मीच समजत असावी.

रात्रीं जीप कागलला पोंचली. दुसरे दिवशीं पाळी सुटल्यावर मुलानें घरीं येऊन विचारलें, “आबा, पल्याड काय दिसलं?”

“माळच हाय. पान्याचा. पर वाट ठावं असल्याबिगर पाय टाकू नये असला.”

मुलानें दिनदर्शिका काढली आणि पुढच्या सुट्यांच्या तिथी पाहिल्या. अष्टमी, नवमी किंवा दशमी जिच्या दुसऱ्या दिवशीं येते अशी सुटी मार्चांत एक निघाली. तिला जोडून एका दिवसाच्या रजेचा अर्ज त्यानें त्याच रात्रीं लिहिला.